क्रॉयडनमधली ती मोकळी जागा आणि २०११ ची लुटालूट: तेव्हा इथे कोणी होतं का?

ट्राममधला परश्या:
नमस्कार मंडळी. नोकरीसाठी सप्टेंबरात दक्षिण लंडनमधल्या क्रॉयडनला आलोय, मूळचा सांगलीचा. रोजच्या ट्रामला ‘रीव्ज कॉर्नर’ नावाचा थांबा लागतो. हा रीव्ज कोण म्हणून ऑफिसात विचारलं, तर कळलं की तिथे फर्निचरचं दुकान होतं, १८६७ सालचं. दोन महायुद्धांतून वाचलं आणि लंडनभर दंगल आणि लुटालूट चालली होती त्या ८ ऑगस्ट २०११ च्या रात्री जाळलं गेलं, ती मोकळी जागा त्याचीच. मग डबे उघडे टाकून सगळ्यांची अशी जुंपली की विचारू नका. एक म्हणतो सगळे भुरटे चोर. दुसरी म्हणते सरकारने पोरांचे क्लब बंद केले, त्याचं फळ. तिसरा म्हणतो टॉटनहॅमला पोलिसांनी माणूस मारला, आणखी काय होणार? मी नवा, खाली मान घालून पोळीभाजी संपवली.
तेव्हा इथे राहत होतं असं कोणी आहे का? पेपरातलं नको, ते वाचून झालंय.

खवचट:
फुकटचे बूट हवे होते, बस. इथल्या न्याय मंत्रालयाचेच आकडे आहेत, कोर्टात उभ्या केलेल्या प्रौढांपैकी सुमारे तीन चतुर्थांश आधी शिक्षा झालेले होते. लंडनमध्येच क्लॅपहॅम जंक्शनला अख्खा रस्ता लुटला, पण पुस्तकांच्या दुकानाला कोणी हात लावला नाही. यातच काय ते समजा.

शालनकाकू:
परश्या, मी होते. तेव्हा क्रॉयडनच्या लंडन रोडवरच्या एका औषधांच्या दुकानात काउंटरला होते, राहायला थॉर्नटन हीथला. जरा लांबण लागेल.

सोमवार होता. दुपारी तीनपासूनच कुजबुज, आज इकडे येणार म्हणून. येणारे कोण, ते कोणालाच माहीत नाही. पोरं ब्लॅकबेरीवर निरोप फिरवत होती, आणि आमच्यापर्यंत ते निरोप त्या पोरांच्या आयांकडून पोचत होते! आमचे शेठ गुजराती, १९७२ ला इदी अमीनने हाकलल्यावर कंपालाहून एका बॅगेनिशी आलेले. ते म्हणाले, “शालनबेन, तिथे बंदुकवाले होते. इथे शाळेची पोरं, त्यांना काय घाबरायचं?” तरी पाचला शटर ओढलं. मी १०९ नंबरची बस पकडून घरी. रात्री टीव्हीवर रीव्ज जळताना पाहिलं आणि खिडकी उघडली तर धुराचा वास.

सकाळी गेलो तर शटर केळ्याच्या सालीसारखं सोललेलं. अत्तरं, ब्लेडं, नॅपी, बाळाचं दूध, रक्तदाब मोजायची यंत्रं, सगळं साफ. नशेच्या औषधांचं कपाट भिंतीला बोल्टने आवळलेलं असतं, ते तेवढं शाबूत. पण माझा जीव गेला तो वेगळ्याच गोष्टीने. म्हाताऱ्या गिऱ्हाइकांसाठी आम्ही आठवड्याच्या गोळ्यांचे ट्रे भरून ठेवायचो, सोमवार सकाळ, सोमवार रात्र असे खण असलेले. त्यांचं चोरांना काय होय? उलथून पायाखाली तुडवलेले. काचांच्या खचात रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनच्या गोळ्या, तपकिरी, निळ्या, गुलाबी. एक, तीन, पाच मिलिग्रॅम. कोणाची कुठली ते सांगता येत नव्हतं आणि सांगता आलं असतं तरी त्या द्यायच्या नव्हत्या. शेठ काचा झाडत बसले आणि मी वही घेऊन फोन. मिसेस अमक्या, तुमच्याकडे आजच्या गोळ्या आहेत का? दोन दिवस हेच. क्लॅपहॅमला लोक झाडू उंचावून फोटो काढत होते, लंडनचे तेव्हाचे महापौर जॉन्सनसाहेबही हातात झाडू घेऊन. आमच्याकडे झाडायला समोरचा घानाचा केशकर्तनवाला आला, कॅमेरे नाही आले.

आता तुझ्या प्रश्नाचं. त्या आठवड्यात काउंटरवर जो येई तो कारण सांगून जाई. सगळ्यांची कारणं जुलैपासूनच तयार होती, ऑगस्टने फक्त दाखला पुरवला. बेनिफिटवर, म्हणजे सरकारी भत्त्यांवर, राग असलेले म्हणाले, दंगलखोरांचे बेनिफिट बंद करा. तसा अर्ज सरकारी साइटवर आलाच होता, लाखाच्या वर सह्या, साइट बसली. एक पेन्शनर बाई, एरवी मुंगीला धक्का न लावणारी, म्हणाली सरळ गोळ्या घाला. ती एकटी नव्हती. त्या आठवड्यातल्या पाहणीत दर तिघांत एक माणूस हेच म्हणत होता. तेव्हाचे पंतप्रधान कॅमेरून इटलीतली सुट्टी सोडून आले आणि म्हणाले, ही निखळ गुन्हेगारी. त्याच पार्लमेंटातल्या काही खासदारांनी दोन वर्षांपूर्वी खोटी बिलं लावून सरकारी पैसा खाल्ला होता, हे गिऱ्हाइकं मला आठवण करून देत होती. दोन्ही बाजू खऱ्या, म्हणून वैताग.

माझं म्हणाल तर पेटलं का आणि लुटलं का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि सगळे ते एकाच पातेल्यात घालून ढवळतात. जिथे हे सुरू झालं ते शनिवारचं टॉटनहॅम आणि सोमवारचं क्रॉयडन एक नव्हे. लंडन रोडवर त्या रात्री कोणी पोलिसांच्या गोळीने मेलेल्या त्या माणसाचं नाव घेतलं असेल असं मला वाटत नाही.

एन१७ वाला:
काकू, नमस्कार. मी तेव्हा उत्तर लंडनला, टॉटनहॅम हेलला भाड्याने राहत होतो. शनिवारचं सांगतो, कारण ते हल्ली कोणाला आठवत नाही.

४ ऑगस्ट, गुरुवार. फेरी लेनवर मार्क डगनची टॅक्सी पोलिसांनी अडवली आणि तो गोळीने मेला. वय २९. आधी बातमी पसरली की गोळीबार दोन्हीकडून झाला. ती चूक निघाली. पोलिसाच्या वायरलेसमध्ये रुतलेली गोळी पोलिसांचीच होती. त्याच्या जवळचं म्हणवलं गेलेलं पिस्तूल काही अंतरावर कुंपणापलीकडे सापडलं. शनिवारी त्याचे घरचे आणि ब्रॉडवॉटर फार्म वसाहतीतले लोक पोलीस स्टेशनपर्यंत चालत गेले. बायका, पोरं. एवढंच मागत होते की कोणीतरी मोठा अधिकारी बाहेर येऊन बोलू दे. तासन्‌तास उभे. अंधार पडल्यावर दोन पोलीस गाड्या पेटल्या, मग डबल डेकर बस, मग गालिच्यांचं मोठं दुकान, वर लोकांची घरं असलेलं.

२०१४ मध्ये ज्यूरीने आठ विरुद्ध दोन असा निकाल दिला की गोळी कायदेशीर होती. त्याच ज्यूरीने हेही म्हटलं की गोळी लागली तेव्हा त्याच्या हातात पिस्तूल नव्हतं. ज्याला जे हवं ते उचलावं.

ब्रॉडवॉटर फार्म १९८५ लाही पेटलं होतं. पोलीस झडतीला घरात शिरले असताना एक बाई कोसळून गेली, मग दंगल, त्यात एका पोलिसाला जमावाने मारलं. म्हणजे २०११ च्या पोरांना आईबापांकडून आयती मिळालेली गोष्ट. रस्त्यात अडवून खिसे तपासणं माझ्या वाट्याला एकदाच आलं, माझ्या मजल्यावरच्या कॉलेजातल्या पोराच्या वाट्याला दर महिन्याला. ‘गार्डियन’ आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सने नंतर दंगलीतल्या २७० जणांशी बोलून पाहिलं, तर पोलिसांवरचा राग सगळीकडे होता. शिवाय कॉलेजात जाणाऱ्या गरीब पोरांचा आठवड्याचा तीस पौंडांपर्यंतचा भत्ता त्याच वर्षी बंद झाला होता आणि विद्यापीठाची फी २०१२ पासून वर्षाला नऊ हजार पौंडांपर्यंत न्यायचं ठरलं होतं.

खवचट:
भत्ता बंद झाला म्हणून टीव्ही उचलायचा? बर्मिंगहॅमला दुकानं राखायला उभ्या राहिलेल्या तीन पोरांना गाडीने उडवलं, त्यांना कसला भत्ता होता? त्यातल्या एकाच्या बापाने दुसऱ्याच दिवशी उभं राहून लोकांना घरी जा म्हणून हात जोडले. राग असाही असतो.

एन१७ वाला:
त्या बापापुढे मी काय बोलणार? पण साडेतीन पौंडांच्या पाण्याच्या बाटल्या उचलणाऱ्या विद्यार्थ्याला सहा महिने आत टाकलं, तेही लिहा की. फेसबुकवर ‘या दंगल करू’ लिहिणाऱ्या दोघांना चार-चार वर्षं, आणि तिथे दंगल झालीच नव्हती.

शालनकाकू:
भांडू नका रे. खवचटराव, मला एक सांगायचंय. सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला गणपती होते. आमच्याकडे वीसेक मराठी माणसं जेवायला. विषय हाच. “आपली मुलं असं कध्धी करणार नाहीत,” असं एक वहिनी म्हणाल्या आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. आमचे हे तेवढे वरण वाढता वाढता थांबले. जानेवारी १९९३ ला आम्ही मुंबईत होतो. आमच्या इमारतीतली, बँकेत नोकरीला असलेली माणसं फुटलेल्या दुकानातून चपलांचे खोके घेऊन जिना चढताना यांनी पाहिलेली. कोणीतरी जिन्यातच मापं जुळवून बघत होतं. ह्यांनी एवढंच सांगितलं आणि पुढच्या पानाकडे गेले. वहिनी म्हणाल्या, ते वेगळं होतं. वेगळं होतंच. तिथे दुकानाच्या पाटीवरचं नाव वाचून फोडत होते आणि शेकड्यांनी माणसं मेली, इंग्लंडात पाच गेली. पण खोका काखेत मारून जिना चढणं तेच की!

ट्राममधला परश्या:
काकू, एक विचारू? तुमच्या दुकानात कॅमेरा होता का? कोणी ओळखीचं दिसलं?

शालनकाकू:
होता. बुधवारी शेठ आणि मी मागच्या खोलीत बसून पाहिलं. आवाज नाही, नुसती चित्रं. घाई मुळीच नव्हती कोणाला. एका पोराचा धक्का लागून वाढदिवसाच्या कार्डांचा स्टँड पडला, तर त्याने तो उचलून सरळ उभा केला आणि मग अत्तरं खिशात भरली. आणि हो, एक बाई दिसली, बाबागाडी घेऊन. नॅपी आणि दूध. ओळखीची होती, धाकट्याला दमा. शेठनी माझ्याकडे पाहिलं, मी पडद्याकडे. पोलिसांना टेप दिली, नाव दोघांनीही दिलं नाही. बरोबर केलं का ते मला विचारू नकोस. १८८६ च्या दंगल कायद्याखाली भरपाईचा अर्ज भरायला बेचाळीस दिवसांची मुदत होती, शेठ त्या कागदांतच बुडाले. पैसे यायला २०१३ उजाडलं.

ऑक्टोबरात ती बाई आली, पोराच्या पंपाचं प्रिस्क्रिप्शन घेऊन. मुलांची औषधं इथे फुकट असतात, त्यामुळे पैशांचा प्रश्नच नव्हता. मी पिशवीत घालून दिलं. ती थँक यू म्हणाली आणि नव्या शटरकडे बघत थोडा वेळ दारातच उभी राहिली.