मदत हवी आहे: दहा हजार फुटांवर आरव्हीचा फ्रिज आणि फर्नेस प्रोपेनवर टिकत नाहीये

मंडळी, डोंगरात आरव्ही (राहण्याची सोय असलेली गाडी किंवा ट्रेलर) नेणाऱ्यांची मदत हवीय. आम्ही डेन्व्हरला राहतो, आमचा जुना ट्रॅव्हल ट्रेलर आहे, पुढे ३० पौंडी दोन प्रोपेन सिलिंडर, आत गॅसवर किंवा १२० व्होल्टवर चालणारा फ्रिज, फर्नेस (ट्रेलर आतून गरम करणारी भट्टी), वॉटर हीटर आणि तीन बर्नरची शेगडी. घरासमोर उभा असताना सगळं गॅसवर नीट चालतं. लेडव्हिलजवळ टर्क्वॉइज लेकला गेलो की, म्हणजे साधारण ९९०० फुटांवर, एकेकाची नाटकं सुरू होतात.

फ्रिजचा गॅस बर्नर पेटतो, थोडा वेळ चालतो मग 'चेक'चा दिवा लागतो, रिसेट केला की परत पेटतो आणि सकाळी उठून बघावं तर विझलेला, दूध कोमट. ट्रेलर लेव्हलमध्ये असतो, ते दोन्ही बाजूंनी तपासलंय. फर्नेसचा पंखा सुरू होतो, मग टिकटिकटिक, मग भस्सकन पेटल्याचा आवाज, आणि काही सेकंदात बंद. असं तीनदा झालं की लॉकआऊट, म्हणजे ती स्वतःहून परत पेटायचा प्रयत्नच करत नाही. थर्मोस्टॅट बंद करून परत लावला तर कधी चालते कधी नाही. वॉटर हीटर चालतो पण ज्योत पिवळी आणि लोळणारी, बाहेरच्या झाकणाच्या जाळीवरून बोट फिरवलं तर काळंकुट्ट होतं. शेगडी तेवढी ठीक (पाणी ९० अंशांनाच उकळतं तिथे, त्यामुळे वरणभात करणार असाल तर कुकर न्याच).

फ्रिजच्या मॅन्युअलमध्ये लिहिलंय की ५५०० फुटांच्या वर गॅसवर कूलिंग कमी होऊ शकतं, बर्नर विझू शकतो, तिथे १२० व्होल्टवर चालवा. पण फॉरेस्ट सर्व्हिसच्या त्या कॅम्पग्राऊंडला हुकअपच (ट्रेलरला जोडायला वीज) नाही आणि जनरेटर रात्री चालवता येत नाही, मग करायचं काय? आम्ही जिथे सर्व्हिसिंगला नेतो ते म्हणतात रेग्युलेटरचं प्रेशर वाढवून देतो, उंचीवर तेच लागतं. मला हे अजिबात पटत नाहीये. हवाच विरळ आहे, ऑक्सिजन कमी पडतोय म्हणून ज्योत पिवळी होतेय, तर अजून गॅस सोडून बरं कसं होईल?

घाई अशासाठी की सासूबाई-सासरे नाशिकहून आलेत आणि सप्टेंबरच्या शेवटी अ‍ॅस्पेनची झाडं पिवळी होतात तेव्हा त्यांना तिथे न्यायचंय. तेव्हा रात्री पारा शून्याच्या खाली जातो आणि बाबांचं इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. म्हणजे फर्नेस आणि फ्रिज दोन्ही भरवशाचे हवेत. काय दुरुस्त करायचं, आणि काय गॅसवर चालवायचा नादच सोडायचा, हे कुणी अनुभवातून सांगेल का?

प्रतिसाद १
मॉन्टानात असतो, ट्रेलर डोंगरातच असतो. तुम्हाला पटत नाही ते बरोबरच आहे, प्रेशर वाढवू देऊ नका. रेग्युलेटर ११ इंच वॉटर कॉलमला (हे गॅसच्या प्रेशरचं माप) सेट असतो आणि उंचीवरही तेवढाच हवा, मॅनोमीटर (प्रेशर मोजायचं यंत्र) लावून मोजायला सांगा, नुसतं अंदाजाने फिरवायचं नाही. उंचीवर उलट गॅस कमी करायचा असतो, दर हजार फुटांना साधारण ४ टक्के असा ठोकताळा आहे, त्यासाठी छोट्या भोकाचा जेट (बर्नरला गॅस सोडणारी तोटी) येतो. तुमच्या फर्नेसला तसा मिळतो का ते मॉडेल नंबर देऊन विचारा आणि टेक्निशियनकडूनच बसवून घ्या. वॉटर हीटरच्या नळीत कोळ्याचं जाळं आहे का बघा, बर्नरवर एअर शटर (हवा आत घेणारी झडप) असेल तर तो थोडा उघडून ज्योत निळी होते का पाहा. काजळी धरतेय म्हणजे कार्बन मोनॉक्साइड होतोय असं समजूनच चाला. डिटेक्टरच्या मागची एक्स्पायरी तारीख आजच बघा, पाच-सात वर्षांत तो बाद होतो.

प्रतिसाद २
फर्नेसबद्दल. पंखा फिरून टिकटिकच झाली नसती तर मी सेल स्विच (पंख्याच्या हवेने ढकलला जाणारा) किंवा उतरलेली बॅटरी म्हटलं असतं, पंखा हळू फिरला की तो स्विच लागत नाही. तुमच्याकडे पेटून विझतेय म्हणजे फर्नेसच्या कंट्रोल बोर्डाला ज्योत दिसत नाहीये. इलेक्ट्रोडवर कार्बन, चुकलेला गॅप नाहीतर ज्योतच कमजोर. आधी ते साफ करून घ्या. फ्रिजचाही बर्नर आणि वरची चिमणी साफ करा, तिथला गंज खाली बर्नरवर पडतो. जेट स्पिरिटमध्ये भिजवून वाळवायचा, त्यात टाचणी घालू नका, भोक मोठं होतं.

प्रतिसाद ३
फर्नेस बिघडली तर म्हणून सोबत छोटा पोर्टेबल प्रोपेन हीटर न्या, स्वस्तात काम होतं.

प्रतिसाद २
नको हो. त्यात ऑक्सिजन कमी झाला की बंद होणारा सेन्सर असतो, आणि साधारण ७००० फुटांच्या वर तो विरळ हवेमुळेच बंद पडू शकतो. शेगडी पेटवून ट्रेलर गरम करायचा विचारही कुणी करू नका, आत माणसं झोपलेली असतात.

धागाकर्ती
खूप खूप आभार सगळ्यांचे. प्रेशरला हात लावू देणार नाही हे नक्की. डिटेक्टर बघितला, मुदत संपलेली होती, नवीन मागवलाय. बर्नर, चिमणी, इलेक्ट्रोड साफ करायला दुसऱ्या टेक्निशियनची वेळ घेतलीय.

इन्सुलिनसाठी मात्र त्या फ्रिजच्या भरवशावर राहायचं नाही असं ठरवलंय. हा फ्रिज इन्व्हर्टरवर चालवायचा तर तीनशे वॅटच्या आसपास लागतात, शंभर अँपियर-अवरची लिथियम बॅटरी चारेक तासांत संपेल. त्यापेक्षा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला कूलर घ्यायचा विचार आहे, त्यात ज्योतच नाही, त्यामुळे उंचीचा प्रश्नच येत नाही. पण इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहायला हवं, गोठलं तर फेकून द्यावं लागतं. असा कूलर थंडीत रात्रभर कुणी वापरलाय का? आतलं तापमान दाखवतो तेवढंच खरोखर असतं का, की वेगळा थर्मामीटर ठेवावा लागतो? आणि रात्री फर्नेसचा पंखाही त्याच बॅटरीवर असेल, तर एक बॅटरी पुरेल की दोन लागतील?