मदत हवी आहे : समितीतले पालक बोलतच नाहीत

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेवर मुख्याध्यापक, म्हणजे शाळा व्यवस्थापन समितीचा सचिवही मीच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ७५ टक्के सदस्य पालक, एकूण सदस्यांत निम्म्या महिला. कागदावर सगळं चोख. प्रत्यक्षात मी बोलतो आणि बाकीचे "गुरुजी, तुम्ही म्हणाल तसं" म्हणत सह्या करतात. महिला सदस्य तर दाराशीच बसतात. चहा-पोहे ठेवून पाहिले. पोहे संपले, चर्चा नाही.

आता शाळा विकास आराखडा करायचाय. आधी मुलींचं स्वच्छतागृह की कुंपणाची भिंत, हे खरोखर त्यांनीच ठरवावं असं वाटतं. तुम्ही कसं जमवलंत? बैठक संध्याकाळी वस्तीवर घेतली तर फरक पडतो का? आणि ऊसतोडीला गेलेल्या सदस्यांचं मत कसं घेता?