शस्त्रक्रिया करावी की इंजेक्शन घ्यावे?

प्रश्न (नाशिक): माझे वय ४४, उंची १६२ सेंमी आणि वजन १०४ किलो असून सहा वर्षांपासून मधुमेह आहे. वजन घटवण्यासाठी एका डॉक्टरांनी स्लीव्ह शस्त्रक्रिया (जठर लहान करण्याची) सुचवली, तर दुसऱ्यांनी आठवड्यातून एकदा घ्यायचे टिर्झेपॅटाइड हे वजन व साखर कमी करणारे इंजेक्शन. कशाच्या आधारे निर्णय घ्यावा?

उत्तर १: आपला बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक) सुमारे ३९.६ येतो. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार आशियाई व्यक्तींसाठी २७.५ पासूनच शस्त्रक्रियेचा विचार करता येतो, म्हणजे आपण पात्र आहात. मात्र पात्र असणे म्हणजे करायलाच हवी असे नव्हे. रात्री छातीत जळजळ होत असल्यास ते आधी सांगा, कारण स्लीव्हनंतर ती वाढू शकते आणि अशा वेळी जठराचा बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडणे) अधिक योग्य ठरतो.

उत्तर २: मी स्लीव्ह करून घेतली आहे. जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग कायमचा काढला जातो, त्यामुळे जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि रक्ततपासण्या आयुष्यभर चालतात. लग्नसमारंभातील पंगतीत आग्रह टाळणे हीच खरी परीक्षा!

उत्तर ३: इंजेक्शन थांबवल्यावर काय, हेही विचारा. सेमाग्लुटाइड या तशाच प्रकारच्या इंजेक्शनच्या एका मोठ्या चाचणीत औषध बंद केल्यानंतर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश परत आले. त्यामुळे महिन्याचा खर्च नव्हे, तर किमान पाच वर्षांचा खर्च मांडावा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी चालू असल्यास साखर अचानक उतरू शकते, म्हणून त्यांची मात्रा डॉक्टरांकडूनच बदलून घ्यावी.

प्रश्नकर्ती: जळजळ आहेच. आधी एंडोस्कोपी करून घेते.