लागोसहून आलेल्या नातवंडांसाठी नायजेरियन घरगुती जेवण सोलापुरात कसे करावे?

जुळे सोलापूरची आजी

सर्वांना नमस्कार. माझा मुलगा सात वर्षे नायजेरियात लागोस येथे नोकरीला होता आणि आता तो सहकुटुंब कायमचा सोलापुरात परतला आहे. नात नऊ वर्षांची, नातू सहा वर्षांचा. नातवाचा तर जन्मच तिकडचा. सूनबाईही नोकरी करीत असल्यामुळे मुले दिवसभर शेजारच्या एका योरुबा (तिकडच्या एका समाजाच्या) बाईंकडे असत, आणि त्यांच्या जिभेवर पहिली चव बसली ती त्या बाईंच्या हातची.

मुले गुणी आहेत. भाकरी, शेंगांची चटणी, आमटी-भात सगळे खातात, तिखटाला तर मुळीच घाबरत नाहीत. परंतु गेल्या आठवड्यात नातवाला ताप आला, तेव्हा मी केलेला मेतकूट-तूप घातलेला मऊ भात त्याने बाजूला सारला आणि 'पॅप' (आंबवलेल्या मक्याची पेज) व 'अकारा' (चवळीची भजी) मागितले. ताप उतरल्यावर मुलाने केलेल्या वर्णनावरून मी जोलोफ, म्हणजे टोमॅटो-मिरचीच्या लाल वाटणातला भात, करून पाहिला. नातवाने दोन घास खाल्ले आणि तो म्हणाला, "आजी, हे छान आहे, पण हे ते नाही." तेव्हापासून ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

आमचे घर शाकाहारी आहे. लक्ष्मी मंडईत आणि नेहमीच्या किराणा दुकानात जे मिळते, त्यातून जोलोफ, मोई मोई (चवळीच्या वाटणाचा वाफवलेला पदार्थ), अकारा आणि पॅप हे चार पदार्थ करता येतील का? सूनबाईंना खाल्लेले सगळे आठवते, पण कृती त्यांनी कधी पाहिली नाही. कोणी तिकडे राहून आले असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

होटगी रस्ता

काकू, मी अकरा वर्षे लागोसच्या सुरुलेरे भागात राहिले आहे. चारही पदार्थ आपल्या स्वयंपाकघरात नक्की होतील, आणि त्यांतले तीन तर अगदी तिकडच्यासारखे होतील.

आधी जोलोफविषयी लिहिते, कारण तो कुठे बिघडला असेल याचा मला अंदाज आहे. आपण मोहरी-जिऱ्याची फोडणी दिली असणार आणि हात सवयीने काळ्या मसाल्याच्या डब्याकडे गेला असणार. तसे केले की तो उत्तम मसालेभात होतो, जोलोफ मात्र होत नाही. जोलोफात मोहरी, जिरे, हिंग, कढीपत्ता, कोथिंबीर यांपैकी काहीही नसते. त्याची सगळी चव लाल वाटणातून येते. दोन वाट्या तांदळासाठी चार पिकलेले टोमॅटो, दोन लाल ढोबळी मिरच्या, एक मोठा कांदा आणि दोन-तीन तिखट मिरच्या एकत्र वाटून घ्याव्यात. तिकडे मिरची 'आता रोडो' नावाची असते. तिला फळासारखा एक सुवास असतो, तो आपल्या मिरचीला येत नाही, पण तिखटपणा जमतो. पातेल्यात थोड्या सढळ हाताने तेल घेऊन उभा चिरलेला कांदा परतावा, मग दोन मोठे चमचे टोमॅटोची घट्ट प्युरी घालून तिचा आंबटपणा जाईपर्यंत परतावी, आणि नंतर वाटण घालून तेल सुटेपर्यंत शिजवावे. इथे घाई केली तर भात कच्च्या टोमॅटोसारखा लागतो. मला या टप्प्याला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. मग मीठ, एक चमचा सौम्य करी पावडर, तमालपत्र आणि अर्धा चमचा सुकवलेला थाइम घालावा. थाइम मोठ्या किराणा दुकानांत पिझ्झाच्या मसाल्यांशेजारी बाटलीत मिळतो. तो न मिळाल्यास चिमूटभर ओवा चुरडून घालावा, कारण दोघांच्या वासाचे मूळ एकच आहे. मात्र ओवा उग्र असल्याने चिमटीपेक्षा जास्त घालू नये.

तांदळाकडेही लक्ष द्यावे लागेल. तिकडे लांब दाण्याचा उकडा तांदूळ वापरतात. आपल्याकडचा सेला बासमती त्याला सर्वांत जवळचा आहे. कोलम किंवा आंबेमोहोर घेतल्यास भात आसट होईल. तांदूळ तीन-चार पाण्यांनी धुऊन वाटणात घालावा, द्रव तांदळाच्या जेमतेम पातळीइतकाच ठेवावा, वर बटर पेपर किंवा फॉइल आणि त्यावर घट्ट झाकण ठेवून अगदी मंद आचेवर शिजू द्यावा. कुकर वापरू नये. शेवटी पाच मिनिटे आच वाढवून तळाला खरवड धरू द्यावी. लग्नसमारंभात लाकडाच्या जाळावर मोठ्या पातेल्यांत शिजणाऱ्या जोलोफला जो धुरकट वास असतो, तो थोडाफार या खरवडीतूनच घरच्या भातात उतरतो. आपल्याकडे भात लागला की गृहिणीला वाईट वाटते. तिथे तळाचा भात मागून घेतात.

मोई मोई आणि अकारा हे दोन्ही चवळीचे पदार्थ आहेत. एक वाटी चवळी तीन-चार तास भिजवून हातांनी चोळावी आणि वर तरंगणारी साले पाण्याबरोबर ओतून द्यावीत. हे काम कंटाळवाणे आहे, पण साले राहिली तर पदार्थ भरड आणि करडा होतो. सोललेली चवळीची डाळ मिळाली तर हा त्रास वाचतो. मोई मोईसाठी ही चवळी एक लाल ढोबळी मिरची, अर्धा कांदा आणि एक-दोन मिरच्यांसह अगदी गंधासारखी बारीक वाटावी, त्यात पाव वाटी तेल, मीठ आणि कोमट पाणी घालून डोशाच्या पिठापेक्षाही किंचित पातळ करावी आणि तेल लावलेल्या वाट्यांत भरून पाऊण तास वाफवावी. तिकडे त्यात अंडे, मासा, सुकी कोळंबी घालतात. ते वगळले तरी मूळ चव कायम राहते. शिजल्यावर लगेच उघडून पाहू नये. गार होताना ती घट्ट होते, आणि सुरीने कापता येईल पण जिभेवर विरघळेल अशी झाली म्हणजे जमली.

अकारासाठी तीच सोललेली चवळी शक्य तितक्या कमी पाण्यात वाटावी आणि मग दहा मिनिटे एकाच दिशेने हाताने फेटावी. मुगाच्या भज्यांचे पीठ आपण जसे हलके करतो, तसेच हे काम आहे. बारीक चिरलेला कांदा, मिरची आणि मीठ तळायच्या अगदी आधी घालावे, नाहीतर पिठाला पाणी सुटते. बेसन किंवा सोडा काहीही लागत नाही. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांबरोबर हाच पदार्थ ब्राझीलला गेला आणि तिथे आजही तो अकाराजे या नावाने विकला जातो. घरापासून तोडलेल्या माणसांनी सोबत काय नेले असेल याचा विचार केला की मला अकाराविषयी फार माया वाटते.

अशोक चौक

आजी, पॅपविषयी मी लिहिते. मी कधी परदेशी गेलेली नाही, परंतु आमच्या विणकर कुटुंबाशेजारी काही वर्षे एक नायजेरियन विद्यार्थी भाड्याने राहत होता आणि माझ्या सासूबाईंनी त्याच्याकडून ही कृती समजून घेतली होती. योरुबा भाषेत याला 'ओगी' म्हणतात. त्याने सांगायला सुरुवात केली आणि सासूबाई मध्येच म्हणाल्या, "अगं, हा तर कुरडयांचा चीक!" खरोखरच तसे आहे. मका किंवा ज्वारी दोन-तीन दिवस भिजवायची, रोज पाणी बदलायचे, वाटून फडक्यातून गाळायची आणि खाली बसलेला चीक एक दिवस आंबू द्यायचा. वरचे पाणी ओतून तो चीक थोड्या गार पाण्यात कालवावा आणि उकळत्या पाण्याची धार धरून सतत ढवळत राहावे, म्हणजे खळीसारखा गुळगुळीत आणि किंचित आंबट पॅप तयार होतो. साखर आणि दूध वरून घालतात. तिकडे तान्ह्या मुलांना पहिले अन्न म्हणून आणि आजाऱ्याला पथ्य म्हणून हेच देतात, तेव्हा आपल्या नातवाने तापात ते मागितले यात नवल नाही. त्या मुलाच्या घरी पांढऱ्या मक्याचा पॅप होत असे; सासूबाईंनी मालदांडी ज्वारीचा केला तेव्हा त्याने सांगितले की ज्वारीच्या पॅपला 'ओगी बाबा' म्हणतात.

तीन दिवस थांबणे शक्य नसेल तर ज्वारीचे पीठ ताकात रात्रभर आंबवून आंबिलीसारखे शिजवावे, मात्र त्यात लसूण-जिरे घालू नये.

कानोहून परतलेला

वरील दोन्ही उत्तरे दक्षिण नायजेरियाच्या दृष्टीने परिपूर्ण आहेत. मी उत्तरेकडील कानो शहरात पाच वर्षे होतो, म्हणून हौसा लोकांच्या घरातील दोन गोष्टींची भर घालतो, कारण सोलापूरकरांना त्या जास्त जवळच्या वाटतील.

तिकडे ज्वारीला 'दावा' म्हणतात आणि तिच्या पिठाचा 'तुवो' रोजच्या जेवणात असतो. थोडे पीठ गार पाण्यात कालवून उकळत्या पाण्यात सोडायचे, पेज दाटली की उरलेले पीठ थोडेथोडे घालत लाकडी उलथण्याने जोर लावून घोटायचे आणि झाकून वाफ आणायची. तेलुगू घरांतील जोन्न संकटी (ज्वारीचा असाच घोटलेला गोळा) ज्यांनी खाल्ली आहे त्यांना वेगळे सांगायला नको. पीठ ताजे दळलेले हवे. विरी गेलेल्या पिठाची भाकरी थापता येत नाही, तसाच त्याचा तुवोही फुटतो. उजव्या हाताने लहान गोळा तोडायचा, अंगठ्याने खळगा करायचा आणि कालवणात बुडवून न चावता गिळायचा. ज्वारी आणि चवळी ही दोन्ही पिके मुळात आफ्रिकेतून हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडे आली आहेत, तेव्हा हे साम्य योगायोगाचे नाही.

तुवोसोबत भेंडीचे 'मियान कुबेवा' किंवा शेंगदाण्यांचे 'मियान ग्याडा' करतात. दुसरे आपल्या दाण्याच्या आमटीच्या फार जवळचे आहे: भाजलेल्या दाण्यांचे वाटण, कांदा-टोमॅटो-मिरचीचा रस्सा आणि शेवटी चिरलेला पालक. गूळ आणि आमसूल घालू नये. भेंडीच्या बाबतीत आपल्याला हात आवरावा लागतो, कारण आपण ताक किंवा आमसूल घालून तिचा बुळबुळीतपणा मारतो आणि तिकडे तोच हवा असतो. तार सुटली नाही तर ते कालवण फसले असे मानतात.

एक सूचना काळजीपोटी करतो. मुले पुढे 'एबा' मागतील. तो गारीचा, म्हणजे कसावा किसून, आंबवून, पिळून, भाजून केलेल्या रव्याचा असतो. आपला साबुदाणा याच कंदाचा होतो, म्हणून कोणी कच्चा कंद आणून घरी प्रयोग करू नये. कच्च्या कसाव्यात सायनाइड तयार करणारी द्रव्ये असतात आणि ती नीट काढून टाकण्यासाठी अनुभवी हात लागतो. त्याऐवजी बारीक रवा नुसत्या पाण्यात घट्ट घोटावा. लागोसमध्येही गव्हाच्या रव्याचा 'सेमो' घरोघरी होतो, त्यामुळे मुलांना तो ओळखीचाच असेल.

जुळे सोलापूरची आजी

आपणा सर्वांचे मनापासून आभार. दहा दिवसांत जे झाले ते लिहिते.

जोलोफ दोनदा केला. पहिल्या वेळी वाटण पुरेसे परतले गेले नाही. दुसऱ्या वेळी सेला तांदूळ आणला, घड्याळ लावून पंचवीस मिनिटे परतले आणि खरवडही धरली. नात म्हणाली की 'जवळजवळ' झाला आहे. सोबत तळलेले केळे हवे होते, पण आपली साधी पिकलेली केळी तेलात विरघळली. त्यासाठी नेंद्रन जातीची केळी घ्यावीत असे सूनबाईंनी आता शोधून काढले आहे.

ओगी मात्र पहिल्याच प्रयत्नात जमली. चीक काढण्यात माझे आयुष्य गेले आहे, त्यामुळे हाताला काही शिकवावे लागले नाही. अकारा करताना दोन्ही मुले चवळी चोळायला बसली. त्या बाईंकडेही हे काम मुलांचेच असे, हे मला तेव्हा कळले.

मोई मोई मी स्टीलच्या वाट्यांत वाफवली. नातवाने चार खाल्ल्या. नंतर त्याने विचारले की त्या पानात का गुंडाळलेल्या नाहीत. लागोसमधले पान निराळे असते हे होटगी रस्त्यावरच्या ताईंना ठाऊक असेलच, परंतु उद्या सकाळी मंडईतून केळीची पाने आणणार आहे. पान आधी विस्तवावर शेकून मऊ करावे लागेल ना, की पानग्यांप्रमाणे तसेच वापरले तरी चालेल, एवढे कृपया कळवावे.

होटगी रस्ता

काकू, शेकूनच घ्यावे, नाहीतर दुमडताना फाटेल आणि पातळ पीठ गळेल. दोन पाने आडवी-उभी ठेवून खोलगट पुडी करावी आणि ती उभीच वाफवावी. तळाशी पानांचे देठ अंथरून त्यावर पुड्या ठेवल्या म्हणजे पाणी आत शिरत नाही.