देणग्या देऊन धंद्याला खरंच काही मिळतं का?

खोकेवाला_हिंगणा:
राजेहो, थोडा वैतागूनच विचारून राहिलो. नागपूरजवळ हिंगणा एमआयडीसीत माझं कोरुगेटेड खोक्यांचं युनिट आहे. माणसं २६. गेल्या जूनमध्ये एका संस्थेला ४० हजार दिले, पोरांना दप्तरं-वह्या वाटायला. कार्यक्रम झाला, शाल-नारळ झाला, एक फ्रेम मिळाली. फ्लेक्सवर माझ्या फर्मचं नाव सातव्या ओळीत, तेही चुकलेलं. निवडणुकीला उभं राहायच्या तयारीतल्या एका भाऊचा फोटो मात्र बैलाच्या डोक्याएवढा! पावती आली दिवाळीनंतर. फ्रेम ऑफिसात कूलरच्या मागे पडली आहे.

आता बुटीबोरीच्या एका मोठ्या गिऱ्हाइकानं व्हेंडर फॉर्म पाठवला. त्यात एक रकाना आहे, ‘आसपासच्या समाजासाठी आपण काय करता?’ पोरगा म्हणतो, बाबा, फ्रेमचा फोटो चिकटवा. मला लाज वाटून राहिली. खरं सांगा, या देण्यातून धंद्याला काही मिळतं का? की हे मोठ्या कंपन्यांचंच काम?

सीए_धंतोली:
दादा, आधी सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा सक्तीचा समाजखर्च, डोक्यातून काढा. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ कंपन्यांना आहे, तेही नेटवर्थ ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं काही एक असेल तर. त्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करावे लागतात, आणि तो पैसा धंद्याचा खर्च म्हणून नफ्यातून वजाही होत नाही. म्हणजे मोठ्यांनाही त्यात फुकटचं काही नाही.

तुमचं बघा. प्रोप्रायटर आहात आणि नवी करप्रणाली घेतली असेल, तर देणगीवरची ८०जी वजावट विसरा, तिथे ती नाहीच. जुनीत असाल तर संस्थेकडून फॉर्म १०बीई, म्हणजे देणगीचं प्रमाणपत्र, घेतलात का? साधी पावती पुरत नाही. रोख दिले असतील तर २,००० च्या वर काही धरत नाहीत. आणि पुढच्या वेळी वह्या स्वतः घेऊन फुकट वाटल्या, तर त्यावर भरलेला जीएसटी क्रेडिट म्हणून पुढच्या जीएसटीतून वजाही करता येणार नाही. टॅक्स वाचवायला दान करणारे क्लायंट मी रोज बघते, बहुतेक जण दोन रुपये वाचवायला दहा घालवतात.

तो रकाना मात्र उगाच आलेला नाही. सेबीनं बाजारमूल्यानं पहिल्या १,००० लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर नावाचा, पर्यावरण आणि समाजासाठी काय केलं हे सांगणारा अहवाल सक्तीचा केला. त्यामुळे ही मंडळी आता पुरवठादारांनाही असलं विचारतात. खरं आहे तेवढंच लिहा. खोटं लिहिलं आणि कोणी बघायला आलं, तर ऑर्डरच जायची.

वेल्डिंगवाली_वाडी:
काका, मला मिळालं, पण पैसे देऊन नाही. माझं फॅब्रिकेशनचं शेड आहे. आयटीआयच्या एका सरांनी विचारलं, पोरांना शनिवारी तुमच्याकडे मशीनवर हात मारू द्याल का? मी हो म्हटलं. सहा पोरं यायची. पहिले दोन महिने नुसतं नुकसान, रॉड वाया, पत्र्याला भोकं. एक पोरगा मात्र वेल्ड झाला की हातोडीनं स्लॅग, म्हणजे वरची खपली झाडायचा, तोंड पत्र्याजवळ नेऊन बीड, म्हणजे वेल्डची रेघ बघायचा आणि वाकडी दिसली की ग्राइंडर मारून परत भरायचा. कोणी सांगितलं नव्हतं. त्याला अ‍ॅप्रेंटिस घेतलं. तेव्हा एनएपीएस या अ‍ॅप्रेंटिसांसाठीच्या योजनेत सरकार स्टायपेंडचे २५ टक्के द्यायचं, महिन्याला जास्तीत जास्त १,५००. आज माझी रात्रपाळी तोच बघतो. वेल्डर शोधायला वाडीभर फिरणं बंद झालं, हाच माझा फायदा.

तसंही ३० माणसं झाली की अ‍ॅप्रेंटिस घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. तुम्ही २६ वर आहात, आत्ताच सवय लावून घ्या.

बर्डीवाला:
तुम्ही लोक सगळंच वहीत मांडता बाप्पा. नागपुरात बर्डीवर आमचं कापडाचं दुकान, वडिलांच्या वेळचं. एप्रिल लागला की दारात पाणपोई. तीन रांजण, ओलं पोतं गुंडाळलेले, पाण्यात वाळ्याची पुरचुंडी. कूलर ठेवून पाहिला होता, लोक रांजणाकडेच जायचे. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखोंची गर्दी उतरते, तेव्हा गल्लीतले आम्ही मिळून पुरी-भाजी वाटतो. त्यानं साड्यांची विक्री वाढली का? नाही. जेवलेला माणूस घरी जातो, दुकानात कशाला येईल!

पण २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवा. अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदी रस्त्यावर आली, मोरभवनच्या बसस्टँडात बसा बुडाल्या. माझ्या तळघरात कमरेएवढं पाणी. मी पोहोचलो तर दोन ऑटोवाले आणि चौकातला भाजीवाला आधीच गठ्ठे वर ओढून राहिले होते. शटरची किल्ली समोरच्या पानठेल्यावर असते, हे त्यांना माहीत. रोज पाणी प्यायला येतात ना. तरी अर्धा माल गेलाच, खोटं सांगत नाही. उरलेला अर्धा त्यांच्यामुळे.

खोकेवाला_हिंगणा:
ताई, फॉर्म १०बीई नाही मिळाला, आणि मी नव्या प्रणालीत आहे. म्हणजे ४० हजार पाण्यात. असो.

काल दुपारी गेटवर उभा राहून पाहिलं. समोर शेअर ऑटोचा थांबा आहे, सावली नाही. शिफ्ट सुटल्यावर आपलीच नाही, शेजारच्या चार युनिटांची माणसं तिथे उन्हात उभी. त्यातला एक आमच्या वॉचमनजवळ पाणी मागायला आला, तर यानं हाकललं, कारण मीच कधीतरी तसं सांगून ठेवलं होतं. भिंतीलगत माझ्या हद्दीतली आठ फूट जागा रिकामी आहे, भंगार पडलं आहे. ते उचलून हिरवी शेडनेट बांधतो, खाली रांजण. वॉचमनला रोज भरायचे वेगळे पैसे देतो, नाहीतर आठ दिवसांत कोरडे पडतील.

वाडीवाल्या ताई, त्या सरांशी बोलणं करून द्याल का? माझ्याकडे प्रिंटिंगच्या मशीनवर माणूस टिकत नाही.

फॉर्मचा रकाना सध्या कोराच पाठवून राहिलो. पोरगा चिडला आहे. बर्डीवाले भाऊ, वाळा सुटा कुठे मिळतो, इतवारीत की आणखी कुठे?

बर्डीवाला:
इतवारीत, किराणा ओळीत. रांजण एक जास्तीचा घ्या, उन्हाळ्यात एखादा फुटतोच.