मदत हवी आहे: ३,००० रुपयांत लोकलमध्ये ऐकायला आणि रात्री गेम खेळायला काय घ्यावं?

नमस्कार मंडळी,

रोज डोंबिवली ते दादर जाऊन-येऊन दोन-अडीच तास लोकलमध्ये जातात. त्या वेळात नाट्यसंगीत ऐकते. रात्री जेवणं आटोपली की लॅपटॉपवर धाकट्या भावाबरोबर व्हॅलरंट. तो नोकरीसाठी नाशिकला असतो. आमच्या निवांत गप्पा होतात त्या खेळतानाच, म्हणून माइक नीट हवाच.

सध्या १,२०० रुपयांचे ब्लूटूथ इअरबड्स आहेत, दीड वर्ष वापरलेले. उजवा बड चाळीस मिनिटांत मान टाकतो. तेही चालवून घेतलं असतं, पण गेममध्ये समोरच्याची पावलं ऐकू येईपर्यंत तो अंगावर आलेला असतो. आणि माइक चालू केला की सगळा आवाज जुन्या लँडलाइनसारखा होतो, बंद केला की पुन्हा छान. हा बिघाड आहे का?

दुकानात ५० एमएम ड्रायव्हर, ७.१ सराउंड असं लिहिलेलं मोठं खोकं पुढे केलं. मला चष्मा आहे, मोठे हेडफोन तासाभरात कानामागे टोचतात. फोनला फक्त टाइप-सी आहे, लॅपटॉपला हेडफोन-माइकचा मिळून एकच जॅक. दोन्हीकडे चालेल असं काही आहे का?

प्रतिसाद

ताई, बिघाड नाही. ब्लूटूथवर आवाज आधी दाबून पाठवतात आणि बडमध्ये पुन्हा उलगडतात. साध्या एसबीसी कोडेकवर (म्हणजे आवाज दाबण्याची नेहमीची पद्धत) यात दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. व्हिडिओ बघताना अ‍ॅप चित्रही तेवढंच थांबवून दाखवतं, म्हणून कळत नाही. गेमला तसं थांबता येत नाही.

माइकचं कारण वेगळं. बडचा माइक सुरू झाला की ब्लूटूथ फोन कॉलच्या पद्धतीवर जातं आणि आवाज स्टिरिओचा मोनो होतो. आज रात्रीच एक करून बघा: विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये आणि गेमच्या व्हॉइस सेटिंगमध्ये इनपुट म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा. पैसे न घालवता अर्धा त्रास जाईल.

घ्यायचंच तर माझं मत ठामपणे वायरवाल्या, माइक असलेल्या इन-इअरला, म्हणजे कानाच्या आत बसणाऱ्या इअरफोनला. उशीर जवळपास नाही, चार्जिंग नाही, चष्म्याला अडचण नाही. केझेड, मूनड्रॉप या कंपन्यांचे बरेच मॉडेल तुमच्या बजेटमध्ये बसतात. ड्रायव्हर (आवाज काढणारा भाग) किती एमएमचा यावरून आवाजाची प्रत ठरत नाही, आणि ७.१ म्हणजे चहूबाजूंनी आल्यासारखा आवाज, तो दोन कानांसाठी बहुतेक वेळा सॉफ्टवेअरनेच तयार केलेला असतो. पावलांची दिशा साध्या स्टिरिओत नीट कळते.

फोनसाठी टाइप-सीचं कनेक्टर लागेल, ते आत डॅक (डिजिटल सिग्नलचा इअरफोनला चालेल असा सिग्नल करणारी चिप) असलेलंच घ्या. बिनडॅकचं स्वस्त कनेक्टर बऱ्याच फोनवर चालतच नाही.

सिलिकॉनच्या टिपा मात्र तिन्ही मापांच्या लावून बघा. टीप सैल बसली की खर्ज गायब होतो, गाडीचा खडखडाट आत येतो आणि आपण आवाज वाढवत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही मर्यादा सांगितली आहे. रोज अडीच तास कानात असणाऱ्याने हे मनावर घ्यावंच.

प्रतिसाद

वरच्याला +१. फक्त केबल सुटी होणारी घ्या. ठाण्याला उतरताना माझी वायर कुणाच्या तरी बॅगेत अडकून तुटली. नवी केबल घालून तेच इन-इअर अजून वापरतोय.

धागाकर्ती

लॅपटॉपचा माइक लावून बघितला. दोघांनाही आवाज स्वच्छ आला, भावाला फक्त पंख्याची घरघर ऐकू येतेय. मनापासून आभार! पावलं अजून उशिराच, म्हणजे वायर घेणार हे नक्की. आता एकच विचारते: माइकवाली सुटी केबल तुटली तर तशीच दुसरी वेगळी विकत मिळते ना?