आरोग्य ते कायदा, सगळं एकाच विशेषांकात. असल्या पेपरांचं करायचं काय?

गेजवाला (धागाकर्ता):
मागच्या रविवारी भाचीकडे गेलो होतो. ती कॉमर्समध्ये पीएचडी करतेय. कौतुकाने एक जाडजूड अंक हातात दिला, मामा बघ, माझा पेपर छापून आला. कुठल्याशा कॉलेजच्या एकदिवसीय राष्ट्रीय परिषदेचा विशेषांक, आणि परिषदेचा विषय काय तर आरोग्य, पर्यावरण, तंत्रज्ञान, वाणिज्य व कायदा यांतील नवे प्रवाह. म्हणजे शिवणकाम आणि लोणची तेवढी राहिली. अनुक्रमणिका वाचत गेलो, मधुमेह आणि योग, त्याखाली नदीचं प्रदूषण, त्याखाली ब्लॉकचेन, मग जीएसटी आणि किराणा दुकानदार, मग पोक्सोवर सहा पानं.

मी आयुष्यभर क्वालिटीत होतो, मायक्रोमीटर धरून केस पांढरे केले, त्यामुळे सवयीने आधी बघतो की तपासलं कोणी. संपादक मंडळात एकवीस नावं, त्यातली अठरा त्याच कॉलेजची. पेपर पाठवला शुक्रवारी, स्वीकारल्याचा मेल सोमवारी, मधे रविवार! फी अठराशे. भाचीच्या पेपरात पन्नास दुकानदारांना पाठवलेला गुगल फॉर्म, त्याचे चार पाय चार्ट आणि निष्कर्ष असा की जीएसटीबद्दल जनजागृती झाली पाहिजे. दुकानदार निवडले कसे विचारलं तर म्हणाली, ओळखीचे होते ते. पोरगी हुशार आहे हो, तिला सगळं कळतं. मला म्हणाली, "मामा, हे वाचायला नसतं, जोडायला असतं." फाईलला जोडायला.

हा रोग नियमातून आला असं माझं मत. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 2010 ला एपीआय नावाची गुणपद्धत आणली, पेपरामागे गुण, गुणांवर बढती. मग पेपर पाडायचे कारखाने निघाले. 2017 ला मान्यताप्राप्त जर्नलांची यादी काढली तर तीच इतकी भरताड निघाली की 2018 च्या मे महिन्यात 4,305 नावं काढून टाकावी लागली. पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन वगैरे मंडळींनी त्याच यादीतली विद्यापीठांनी सुचवलेली हजारेक जर्नलं तपासून करंट सायन्स या जर्नलमध्ये लिहिलं की साधारण 88 टक्के लायकीची नाहीत. एवढं झाल्यावर 2022 च्या नोव्हेंबरात प्रबंध देण्याआधी पेपर छापायची सक्ती काढली, चांगलं केलं. पण गाईड मागतोच, मुलाखतीत गुण आहेतच, म्हणून दुकान चालूच.

माझं म्हणणं सरळ आहे. कॉलेजातल्या शिक्षकाने शिकवावं, संशोधन ज्याला करायचंय त्याने करावं, आणि हे सर्वविषयसंग्रह बंद करावेत. 2023 ला नागपूर अधिवेशनात अजितदादा म्हणाले होते, पीएचडी करून काय दिवे लावणार. तेव्हा मलाही राग आलेला. हा अंक चाळल्यावर मात्र उत्तर सुचेना.

चहाबिस्कीट:
शुक्रवार ते सोमवार? स्लो आहे की. मला एकदा चार तासांत 'युवर एस्टीम्ड पेपर इज ॲक्सेप्टेड' आलं होतं आणि मी पेपर जोडायलाच विसरलो होतो, नुसताच मेल गेला होता 😀

तासिकावाली:
जोरदार असहमत, आणि जरा रागाने लिहितेय, आधीच माफी.

मी तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, नववं वर्ष. तुम्ही पाच विषयांना हसलात ना, ते पाच विषय का असतात सांगते. आमच्याकडे एका विषयाला एक, फार तर दोन माणसं. इतिहासाची वेगळी परिषद घ्यायची तर मी आणि माझी खुर्ची. परिषदेला मंडप एक, जेवण एक, पाहुणा एक, मग सगळ्यांना बसवायला विषय तेवढा रुंद करावा लागतो आणि नॅकच्या, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या, संशोधनाच्या तिसऱ्या निकषात दाखवायलाही काहीतरी लागतं. हौस नाहीये.

आणि 'शिक्षकाने शिकवावं' हे पेन्शनीत बसून म्हणायला ठीक आहे. कायम व्हायच्या मुलाखतीत मला कोणी विचारत नाही की तुझी मुलं काय शिकली. विचारतात पेपर किती. नियम आम्ही केला नाही आणि अठराशे रुपये खिशातून आम्हीच भरतो.

आता खरं सांगायचं ते. आमच्या भूगोलाच्या सरांनी आजूबाजूच्या गावांतल्या चौदा विहिरींची पाणीपातळी सहा वर्षं मोजली. दर महिन्याला, सायकलवर, दोरीला वजन बांधून. कोणी पैसे दिले नाहीत. मराठीत लिहिलं. ते छापायला कुठलं मोठं जर्नल घेणार होतं? छापलं ते अशाच एका 'सर्वविषयसंग्रहात', मधुमेहाच्या आणि ब्लॉकचेनच्या मधे. ते पण बंद करायचं का?

राईनकाठचा:
मॅडमना +1. मी जर्मनीत पोस्टडॉक आहे, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन करतो, मूळचा सांगलीचा. धागाकर्त्यांचा सूर असा लागलाय की गावाकडे भेसळ आणि शहरात शुद्ध तूप. बडा घर पोकळ वासा हो. हिंदावी म्हणून प्रकाशन होतं, वायलीसारख्या बड्या कंपनीने विकत घेतलं, 2023 या एका वर्षात त्यांना आठ हजारांवर पेपर मागे घ्यावे लागले. त्यांचेही 'स्पेशल इश्यू'च होते बरं का, तुमच्या विशेषांकाचे श्रीमंत मावसभाऊ.

आणि दर्जाचं म्हणाल तर 2021 ला काही जणांनी छापून आलेल्या पेपरांतून चमत्कारिक शब्द वेचून काढले. लोक दुसऱ्याचा मजकूर सॉफ्टवेअरमधून फिरवतात, चोरी पकडू नये म्हणून, मग आर्टिफिशियल इंटेलिजन्सचं होतं काउंटरफीट कॉन्शसनेस, बिग डेटाचं कोलॉसल इन्फर्मेशन आणि ब्रेस्ट कॅन्सरचं चक्क बोसम पेरिल. हे मोठ्या नावांच्या जर्नलांत, तपासनीसांच्या डोळ्यांखालून पास झालेलं.

पैशाचंही तेच. नेचरने 2020 मध्ये पेपर सगळ्यांना फुकट वाचायला खुला ठेवायचा दर जाहीर केला, 9,500 युरो. आठ-नऊ लाख रुपये. त्यापुढे अठराशेची लूट म्हणजे हातगाडीवाल्याने मापात मारलेले दोन दाणे.

गेजवाला:
राईनकाठचे साहेब, माहिती उत्तम, पण मोठा चोर दाखवला म्हणून छोटा साव होत नाही. आणि तुमच्याच उदाहरणात माझा मुद्दा आहे. त्यांनी आठ हजार मागे तरी घेतले! माझ्या धंद्यात म्हणतात, रिजेक्शन दिसत नसेल तर माल चांगला आहे असं नाही, तपासणीच नाही. आपल्या कॉलेजांच्या विशेषांकातला मागे घेतलेला एक पेपर दाखवा, मी धागा मागे घेतो.

तासिकावाली मॅडम, पेन्शनीचा टोला लागला. प्रायव्हेट कंपनीची पेन्शन किती असते ते एकदा विचारा म्हणजे टोला परत घ्याल. विहिरींचं वाचून मात्र थांबलो. सहा वर्षं म्हणजे बहात्तर नोंदी एका विहिरीच्या. असा माणूस तुम्ही त्या अंकात पुरलात आणि वर मलाच विचारताय बंद करायचं का?

चहाबिस्कीट:
गुणांचं गणित कोणी सांगितलंच नाही. 2018 च्या नियमात पेपरला विज्ञानवाल्यांना 8 आणि भाषा-कॉमर्सवाल्यांना 10 गुण. दोघांनी मिळून लिहिला तर प्रत्येकी 70 टक्के. म्हणजे एक पेपर दोघांत वाटला की एकशे चाळीस टक्के होतो. पुराणातल्या अक्षयपात्रानंतर हेच. आमच्याकडे जोड्या ठरलेल्या आहेत, तू मला घे मी तुला घेतो.

काळाकोट:
वकिली करतो म्हणून पाच विषयांबद्दल बोलतो, कारण इथे दोन्ही पक्ष असं धरून चाललेत की विषय एकत्र येणं हा गुन्हा तरी आहे किंवा नाइलाज तरी.

राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी गाव आहे. तिथल्या कारखान्यांनी एच-ॲसिड नावाचं रंगाच्या धंद्यात लागणारं रसायन बनवलं आणि गाळ उघड्यावर टाकला. तो जमिनीत मुरला, विहिरींचं पाणी माणसं-जनावरं सोडाच, शेतीलाही चालेना. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. कोर्टाने काय केलं, आपल्या नागपूरच्या नीरीला, म्हणजे पर्यावरणाच्या सरकारी संशोधन संस्थेला, तपासायला लावलं. पाणी, माती किती बिघडली, दुरुस्त कशी करायची आणि खर्च किती, हे त्या अहवालातून आलं आणि 1996 च्या निकालात कोर्टाने सांगितलं की ज्याने घाण केली त्यानेच भरायचं. पुढे हा आकडा सदतीस कोटींच्या वर ठरला. मालक मंडळी अर्जावर अर्ज करत राहिली, पार 2011 पर्यंत.

आता यात बघा, आरोग्य आहे, पर्यावरण आहे, रसायनाचं तंत्रज्ञान आहे, धंद्याचा हिशोब आहे, कायदा आहे. पाचही. पण एका विहिरीभोवती. गेजवाल्यांच्या भाचीच्या अंकात पाच विषय एका बाईंडिंगमध्ये आहेत, एवढाच फरक. पोक्सोवाल्याने मधुमेहवाल्याचं पान उलटलेलं नसणार.

त्यामुळे माझं मत दोघांच्याही विरोधात. परिषद पाच विषयांचीच घ्या मॅडम, फक्त प्रश्न एक घ्या. तुमच्या तालुक्यातल्या विहिरी घ्या. भूगोलवाले पातळी सांगतील, केमिस्ट्रीवाले क्षार, कॉमर्सवाले टँकरचा खर्च, आणि उद्या कारखान्याशी भांडायची वेळ आली तर कोर्टात ठेवायला कागद असेल. बहात्तर महिन्यांच्या तारीखवार नोंदी असलेला साक्षीदार उलटतपासणीत हलत नाही, अनुभवाने सांगतो.

गोदाकाठ:
काळाकोट यांच्याशी सहमत पण लगेच गडचिरोलीचं उदाहरण कोणीतरी देणारच, म्हणून मीच देते. अभय आणि राणी बंग यांनी 39 गावांत गावातल्याच बायकांना शिकवून घरी जाऊन बाळं तपासली, शेजारची 47 गावं तुलनेला ठेवली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूदर हजारी 62 वरून 25 वर आला, 1999 ला लॅन्सेट या बड्या वैद्यकीय जर्नलमध्ये छापलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी सहा-सात चकरा मारते त्याचं मूळ तिथं आहे. नर्सिंगला शिकवताना मी हे मुलींना दरवर्षी सांगते. गावात राहून होतं, दर्जा ठेवूनही होतं.

तासिकावाली:
गोदाकाठ ताई, बंग डॉक्टरांबद्दल आदरच आहे, पण ते उदाहरण आमच्या तोंडावर मारू नका हो. दोघंही डॉक्टर, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला शिकून आलेले, मग स्वतःची संस्था उभी केली. सरांकडे काय होतं? दोरी. आता 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही जर्नलं वाचायला देणारी केंद्राची योजना आली, तीन वर्षांचे 6,000 कोटी, तेरा हजार जर्नलं. ते सरकारी संस्थांना. आमचं कॉलेज एका शिक्षण मंडळाचं, खाजगी, आम्ही अजून ओळखीच्या पोराकडून पीडीएफ मागवतो. वाचायलाच मिळत नाही आणि लिहा म्हणतात लॅन्सेटसारखं.

काळाकोट साहेब, विहिरींची कल्पना चांगली आहे पण प्राचार्य म्हणतील पोक्सोवाल्या मॅडमचं काय करू, त्यांनाही गुण हवेत. हसू नका, असंच म्हणतील.

राईनकाठचा:
आणि 2025 च्या फेब्रुवारीत यूजीसीने केअर यादीही, म्हणजे त्या जुन्या यादीच्या जागी आणलेली चांगल्या जर्नलांची यादी, बंद केली, आता कुठलं जर्नल चांगलं ते ज्या त्या संस्थेने ठरवायचं म्हणे. म्हणजे ठरवणार तेच अठरा जण, जे संपादक मंडळात आहेत.

गेजवाला:
हे मला माहीत नव्हतं. म्हणजे ऑपरेटरनेच स्वतःचा जॉब पास करायचा. आमच्याकडे असं एकदा केलं होतं मॅनेजमेंटने, नाइट शिफ्टला माणूस वाचवायला. तीन महिन्यांत अख्खा लॉट परत आला.

भाचीला हा धागा पाठवलाय, ती म्हणते मामा नाव कुठे लिहू नकोस, व्हायवा व्हायचाय. 'बंद करा' हे माझं वाक्य थोडं ढिलं करतो, सगळं नाही. पोक्सोवाल्या मॅडमना गुण हवे असतील तर ते शिकवण्याचे द्या की, पेपराचे कशाला.

तासिकावाली, तो विहिरींचा पेपर मिळेल का? मला वाचायचाय. दोरीला खुणा कशाने केल्या होत्या आणि दोरी ताणली गेली तर काय केलं, हे लिहिलंय का त्यात?

तासिकावाली:
खुणा रंगाने, दर पावसाळ्यानंतर दोरी टेपने पुन्हा मोजायचे, हे मला माहितीये कारण टेप आमच्या घरचा होता. पेपरात नाहीये बहुतेक, पानांची मर्यादा होती, पाचच्या वर गेलं की जादा पैसे. अंक माझ्याकडे आहे, उद्या मोबाईलवर स्कॅन करून टाकते. त्यातल्या एका तक्त्याची शाई पुसट आहे, तो सरांच्या वहीतून घ्यावा लागेल.